गोळी थांबते कुठे? पेडणे-डिचोलीच्या शेतातून मॅग्नम रायफलींचा हिशेब

नळीच्या तोंडाशी २,२३७ जूल, ९१ मीटरवर १,३७६ आणि १८३ मीटरवर ८९६. हे आकडे .४४ मॅग्नम काडतूस वापरणाऱ्या लिव्हर-ॲक्शन रायफलीचे आहेत. आता दुसरे आकडे बघा. २०११ च्या जनगणनेनुसार पेडणे तालुक्यात दर चौरस किलोमीटरला ३०१ माणसे राहतात, डिचोलीत ४१० आणि सत्तरीत १३०. बंदुकींची तुलना करणाऱ्या लेखांत पहिल्या प्रकारचे आकडे भरपूर असतात, दुसऱ्या प्रकारचे नसतात. अमेरिकेतल्या मोकळ्या माळरानावर त्यावाचून फारसे अडतही नसेल. पण मोपाच्या सड्याखाली, हणखणे-इब्रामपूरच्या काजूत किंवा लाटंबार्सेच्या कुळागरात उभे राहून बंदुकीचा विचार करायचा तर दोन्ही आकडे एकाच कागदावर मांडावे लागतात.

रानडुकरांनी नाचणी आणि भात उलथेपालथे केले, गव्यांनी वायंगण तुडवले, खेत्यांनी (बोनेट माकडांनी) नारळ पाडले, ही उत्तर गोव्याची नेहमीची तक्रार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘ओंकार’ नावाने ओळखला जाणारा हत्ती सिंधुदुर्गातून पेडण्यात उतरला आणि त्यात त्याने तुडवलेल्या भातशेतीची भर पडली. अशा वेळी कुणीतरी म्हणतेच, की आजोबांच्या एकनळीने काय होणार, जरा जोरकस हत्यार हवे. ते जोरकस हत्यार म्हणून आज जगभर जिची बरीच चर्चा होते ती हलकी, आखूड, झपाट्याने बार काढणारी, रिव्हॉल्व्हरचेच मॅग्नम काडतूस खाणारी लिव्हर रायफल. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

दीडशे वर्षांची जोडी

या रायफलीत चापाच्या भोवतीचे लोखंडी कडे म्हणजेच तरफ. ती खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, वर घेतली की नळीखालच्या नळकांड्यातून नवे काडतूस आत जाते आणि घोडा चढलेला राहतो. आपोआप काहीच होत नाही, प्रत्येक बारासाठी हात चालवावा लागतो.

रिव्हॉल्व्हर आणि रायफल यांना एकच काडतूस ही कल्पनाही जुनी. विंचेस्टरची १८७३ ची रायफल .४४-४० काडतुसावर चालायची, आणि पुढे कोल्टने आपले रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसासाठी बनवले. घोडेस्वाराला कमरेला एकच पट्टा पुरू लागला. जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर १८९२ ही त्या घराण्यातली सर्वात देखणी यंत्ररचना. ती दहा लाखांहून अधिक बनली. ब्राझीलची रॉसी आजही त्याच आराखड्यावर ‘९२’ बनवते. मार्लिनची १८९४ ही तिची जुनी स्पर्धक. मार्लिन कंपनी २०२० मध्ये रूगरने विकत घेतली. तिसरे नाव हेन्री कंपनीच्या पितळी ‘बिग बॉय’चे.

२० इंची नळीच्या या तिन्ही रायफलींत साधारण १० काडतुसे मावतात. फरक वजनात आहे. मार्लिन १८९४ जेमतेम ३ किलोची, तर पितळी बिग बॉय ३.९ किलोची. एक किलो जास्त म्हणजे दणका कमी, पण चढणीवर खांद्याला ओझे जास्त. रॉसीची १६ इंची नळीची आवृत्ती आणखी हलकी, मात्र तिच्यात ८ च काडतुसे बसतात. यंत्रात याहून मोठा फरक शोधू नये. खरा फरक काडतुसात आहे.

एका नळीत दुप्पट जोर

.३५७ मॅग्नम १९३५ मध्ये आले, .४४ मॅग्नम १९५० च्या दशकाच्या मध्यावर. दोन्ही मुळात रिव्हॉल्व्हरची. अमेरिकी कारखान्यांच्या तक्त्यांतले, वर्षानुवर्षे छापले जाणारे आकडे मेट्रिक मापांत असे होतात:

| | .३५७ मॅग्नम | .४४ मॅग्नम |
|---|---|---|
| गोळीचे वजन | १०.२ ग्रॅम (१५८ ग्रेन) | १५.६ ग्रॅम (२४० ग्रेन) |
| ४ इंची रिव्हॉल्व्हर: वेग | सेकंदाला ३७६ मीटर | ३६० मीटर |
| ४ इंची रिव्हॉल्व्हर: ऊर्जा | ७२५ जूल | १,००५ जूल |
| रायफल (१८.५ ते २० इंच): वेग | सेकंदाला ५५८ मीटर | ५३६ मीटर |
| रायफल: ऊर्जा | १,५९३ जूल | २,२३७ जूल |
| ९१ मीटरवर | ९६९ जूल | १,३७६ जूल |
| १८३ मीटरवर | ६१६ जूल | ८९६ जूल |

काडतूस तेच, गोळी तीच, दारूही तीच. तरी रायफलीत ऊर्जा २.२ पट. मॅग्नम काडतुसात सावकाश जळणारी दारू भरपूर असते. ४ इंची नळीत ती पुरती जळून वायूचा जोर गोळीला लागायच्या आत गोळी बाहेर पडते, आणि उरलेला जोर ज्वाळा व आवाज होऊन वाया जातो. २० इंचांत तोच वायू गोळीला पाचपट अंतर ढकलत राहतो. साध्या पिस्तुलाच्या काडतुसाला लांब नळीचा एवढा लाभ होत नाही, कारण त्यातली थोडीशी दारू पहिल्या काही इंचांतच संपते.

दोन काडतुसांत निवड कशी करायची? ९१ मीटरवर पोहोचलेल्या .४४ मध्ये जेवढा जोर उरतो, त्याहून जास्त जोर .३५७ मध्ये नळीतून सुटताना असतो. म्हणजे जनावर ३० पावलांवर असेल तर .३५७ पुरते आणि खांद्यावरही बेतते. जनावर थोराड आणि अंतर जास्त असेल तर .४४. मात्र दोन्हींचाही पहिल्या ९१ मीटरांत जवळजवळ ४० टक्के जोर जातो, कारण रिव्हॉल्व्हरची गोळी बोथट आणि बसकी असते. त्याच तरफेच्या रायफलीत वापरले जाणारे .३०-३० हे खरे रायफलचे काडतूस तेवढ्याच अंतरात फक्त ३२ टक्के गमावते.

गोळी खाली किती येते? उड्डाणाला लागणाऱ्या वेळेवरून ढोबळ हिशेब केला तर दोन्ही गोळ्या ९१ मीटरपर्यंत १७-१८ सेंटिमीटर पडतात आणि १८३ मीटरपर्यंत जवळजवळ ९०. त्यामुळे शंभर मीटरच्या आत या रायफली सरळ मारतात. पुढे नेम धरणाऱ्याला अंतराचा अंदाज चोख लागतो. रात्री, विजेरीच्या झोतात, झुडपामागे हलणाऱ्या डुकराचे अंतर चोख सांगणारा माणूस विरळा.

आजोबांची बाराबोर तेवढी दुबळी नाही

आता याच आकड्यांशेजारी गोव्याच्या घराघरांत ठाऊक असलेली १२ बोअर ठेवू. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर एकेका गोळीचा जो व्यास येतो, तो या नळीचा व्यास, म्हणजे साधारण १८.५ मिलिमीटर. नळी आतून गुळगुळीत असते, तिला आटे नसतात.

एसजी काडतुसात एका औंसाला ८ याप्रमाणे मोठे छर्रे असतात. सव्वा औंसाहून थोडे कमी, ३२ ग्रॅम शिसे भरले तर ९ छर्रे होतात. वेग सेकंदाला ३७५ मीटर धरला तर एकूण ऊर्जा येते २,२५० जूल. म्हणजे .४४ च्या रायफलीइतकीच! पण ती नऊ वाट्यांत विभागलेली. एका छर्ऱ्याच्या वाट्याला जेमतेम २५० जूल, आणि गोल छर्रा हवेत फार लवकर मंदावतो. १५-२० मीटरवर सगळे छर्रे एकाच जागी बसतात तेव्हा बाराबोर कुठल्याही मॅग्नमला हार जात नाही. ४० मीटरवर ते पांगलेले असतात, जनावर जखमी होऊन रानात शिरते, आणि जखमी डुकराच्या मागावर जाणे काय असते हे सांगायला नको.

खांद्याला बसणारा दणका गोळीचे वजन गुणिले वेग या हिशेबाने तोलता येतो. .३५७ ला तो आकडा ५.७ येतो, .४४ ला ८.३, आणि बाराबोरच्या या भरणीला १२. मॅग्नम म्हणजे दणकेबाज, ही समजूत सिनेमातल्या एका हातात धरलेल्या रिव्हॉल्व्हरवरून आलेली आहे. तीन किलोच्या रायफलीत .३५७ हे सौम्य काडतूस ठरते. लिव्हर रायफलीचे एवढे आकर्षण का, त्याचे उत्तर इथे आहे. दणका निम्मा आणि बार दहा. शिवाय पन्नास-साठ मीटरवर जोर एका जागी लागतो. कागदावर बागायतदाराला याहून चांगले हत्यार सापडणार नाही.

कायद्याने आखलेली २० इंचांची रेघ

भारतात शस्त्र परवान्याची चौकट १९५९ च्या शस्त्र कायद्याने ठरते. त्याच्या कलम १३ मधली एक तरतूद शेतकऱ्यासाठीच आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, किंवा संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक हवी असेल, तर परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे. ठासणीची बंदूक पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर पिकासाठीही गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. रायफल या सवलतीत नाही. तिच्यासाठी ‘सबळ कारण’ वेगळे पटवून द्यावे लागते.

अमेरिकेत शॉटगनच्या नळीला किमान १८ इंच आणि रायफलीला १६ इंच लागतात. तिथला नियम मुख्यतः लपवता येण्याजोगे आखूड हत्यार नको म्हणून आहे. आपल्या कायद्यातही तो धाक आहेच, पण पिकासाठी गुळगुळीत नळीची वेगळी वाट ठेवल्याने आणखी एक गोष्ट आपोआप साधली आहे. तिच्याकडे पुढे येतो.

त्याआधी व्यवहार. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला जास्तीत जास्त ३ ऐवजी २ शस्त्रे ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ झाली. परदेशी बंदुकांची खासगी आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे. नावाजलेल्या नेमबाजांसारखे थोडे अपवाद सोडले तर बाजारात फिरतात त्या त्याआधी आलेल्या. आपल्या आयुध निर्माणींच्या नागरी मालात परवानाधारकाच्या ओळखीची नावे म्हणजे १२ बोअरची बंदूक, .३१५ ची रायफल आणि .३२ चे रिव्हॉल्व्हर. त्यामुळे पेडण्यातल्या बागायतदाराने परवाना मिळवला आणि एखाद्या जुन्या संग्रहातली लिव्हर रायफलही मिळवली, तरी काडतुसांचा प्रश्न दर मोसमात दारात उभा राहणार. ज्या हत्याराचे काडतूस तालुक्याच्या दुकानात मिळत नाही त्याचे तक्त्यातले जूल शेतात उतरत नाहीत.

चुकलेली गोळी कुठवर जाते

वरचे सगळे आकडे लागलेल्या गोळीचे झाले. रात्रीच्या अंधारात सुटणाऱ्या गोळ्यांपैकी बऱ्याचशा चुकतात, तेव्हा त्यांचाही हिशेब घातला पाहिजे.

योग्य कोनात वर सुटली तर .३५७ आणि .४४ ची गोळी दोन किलोमीटरपलीकडे जाऊन पडते. छर्ऱ्यांसाठी बंदूकवाल्यांचा एक जुना नियम आहे, तो फ्रेंच अधिकारी जुर्ने याच्या नावाने ओळखला जातो: छर्ऱ्याचा व्यास इंचांत घ्या, त्याला २,२०० ने गुणा, तेवढे यार्ड हे त्याचे कमाल अंतर. एसजीचा छर्रा ०.३३ इंचांचा, म्हणजे ७२६ यार्ड किंवा ६६४ मीटर. पाखरांसाठीचा ६ नंबरचा बारीक छर्रा सुमारे ०.१ इंचाचा, म्हणजे दोनशे मीटरच्या आसपास.

आता या अंतरांची वर्तुळे तालुक्यांच्या नकाशावर काढू. बंदूक मध्यभागी धरली, तर वर्तुळात सरासरी लोकवस्तीप्रमाणे किती माणसे येतात?

| | वर्तुळाचे क्षेत्र | पेडणे | डिचोली | सत्तरी |
|---|---|---|---|---|
| बारीक छर्रा (२०५ मीटर) | ०.१३ चौ. किमी | ४० | ५४ | १७ |
| एसजी छर्रा (६६४ मीटर) | १.३९ चौ. किमी | ४१७ | ५६८ | १८१ |
| मॅग्नम गोळी (२ किमी) | १२.५७ चौ. किमी | ३,७८० | ५,१५० | १,६४० |

ही संख्या म्हणजे धोक्यात आलेली माणसे नव्हेत. गोळी एकाच दिशेला जाते आणि वस्ती वाड्यावाड्यांत एकवटलेली असते. पण तुलना करायला हे माप चांगले आहे. डिचोलीत बारीक छर्ऱ्याच्या टप्प्यात एक वाडा येतो, मॅग्नमच्या टप्प्यात अख्खा गाव आणि शेजारच्या गावाचा तुकडा. पेडणे तालुक्याचे क्षेत्रफळ २५२ चौरस किलोमीटर, डिचोलीचे २३९. एका मॅग्नम गोळीचे वर्तुळ तालुक्याचा विसावा भाग व्यापते. त्यात जनगणनेनंतरची भर वेगळीच: मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरतात, आणि एकेकाळी रात्री निर्मनुष्य असलेल्या रस्त्यांवर आता मध्यरात्रीही गाड्या धावतात.

पिकासाठी गुळगुळीत नळी का, याचे उत्तर या तक्त्यात दिसते. कायदा लिहिणाऱ्यांनी हा हिशेब मांडला होता असा माझा दावा नाही. पण जो निकष त्यांनी ठेवला तो दाट वस्तीच्या शेतीप्रदेशाला नेमका लागू पडतो. जो छर्रा लवकर मंदावतो म्हणून शिकारी त्याला नावे ठेवतो, तोच गुण शेजाऱ्याच्या कामी येतो. मात्र बाराबोरमध्ये छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी भरली की हा फायदा हातचा जातो.

माळ्याचे चार मीटर

काडतुसाहून जास्त फरक कोनाने पडतो, आणि तो कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात नसतो. शाळेतल्या भूमितीने तो काढता येतो.

सपाट शेतात उभा माणूस, बंदूक जमिनीपासून १.४ मीटरवर, २० मीटरवरच्या डुकराचा खांदा अर्ध्या मीटरवर. गोळीची रेघ जमिनीकडे झुकते फक्त २.६ अंशांनी. डुक्कर चुकले तर गोळी ३१ मीटरवर जमिनीला टेकते, तीही घासत. तिथे मऊ नांगरट असेल तर रुतेल; सड्याचा जांभा असेल तर एवढ्या उथळ कोनात ती उसळून पुढे जाते, आणि कुठल्या दिशेने जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. पेडणे-डिचोलीची वरची जमीन बहुतेक जांभ्याचीच.

आता तोच माणूस माळ्यावर, बंदूक ४ मीटर उंचीवर. तेच डुक्कर, तेवढ्याच अंतरावर. कोन होतो जवळजवळ १० अंश, आणि चुकलेली गोळी २३ मीटरच्या आत जमिनीत. माचाचे चार बांबू इतके काम करतात. जुनी माणसे जनावर दिसावे, वास जाऊ नये आणि अंगावर येऊ नये म्हणून माळा बांधत; गोळी जमिनीत जाणे हा त्यातला न बोललेला लाभ.

उलट बाजूही बघा. डुक्कर वरच्या पायरीच्या बांधावर असेल आणि मागे नुसते आकाश असेल, तर गोळी चढत्या रेघेत सुटते. खेती माडावर किंवा फणसावर बसलेली असतात. त्यांच्याकडे रोखलेली नळी ३० ते ४५ अंशांत येते, आणि गोळी सर्वात लांब जाते ती साधारण याच कोनांत. म्हणजे माडाकडे मॅग्नम रायफल रोखणे म्हणजे ती कमाल पल्ल्यावर लावून ठेवणे. बारीक छर्रा त्याच कोनात सुटला तर दोनशे मीटरच्या आसपास पावसासारखा खाली येतो.

मारायचे की पळवायचे?

पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. हे दोन कायदे वेगळे आहेत, आणि गावात त्यांची सरमिसळ सर्रास होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, तर गवा, मोर आणि आपल्याकडचे खेते म्हणजे बोनेट माकड पहिल्या अनुसूचीत. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारल्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाला धोकादायक ठरला तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. परवानगीशिवाय बंदूकधारी शेतकऱ्याने डुक्कर पाडले तर तो गुन्हाच.

डिसेंबर २०१५ पासून पुढच्या काही महिन्यांत केंद्राने बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड हे ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर केले. त्याच सुमारास गोव्यातही अशा यादीची भाषा झाली, आणि त्यात मोराचे नाव आल्याने देशभर गदारोळ उठला. केरळने २०२२ मध्ये वेगळी वाट घेतली. तिथे पंचायतीच्या प्रमुखांना अधिकार देऊन परवानाधारक बंदूकवाल्यांकडून डुक्कर मारून घेण्याची सोय केली. निर्णय कुणाचा, बंदूक कुणाची आणि जबाबदारी कुणाची, हे तिथे कागदावर आले. या मुद्द्यावर गोव्याने केरळकडे पाहण्यासारखे आहे.

तोवर बंदुकीचे कायदेशीर काम उरते ते बार काढून जनावर पळवण्याचे. त्या कामाला जूल लागत नाहीत, आवाज लागतो. आपल्याकडे फटाक्याला ४ मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. बंदुकीचा बार नेमधाऱ्याच्या कानाशी १५० च्या पलीकडे जातो. ठासणीच्या बंदुकीत नुसती दारू आणि बोळा ठासून काढलेला बार डुकराला .४४ मॅग्नमइतकाच ऐकू जातो, आणि त्याचे वर्तुळ जवळजवळ शून्य असते. कायद्याने पिकासाठी पहिली पसंती ठासणीच्या बंदुकीला दिली, ती या कामाला अजूनही पुरते. फक्त कानात बोळे घालावेत.

मोसमात बंदूक असते कुठे?

आणखी एक आकडा क्वचित मोजला जातो. गोव्यात गेल्या चार मोठ्या निवडणुकांचे मतदान झाले ते ४ फेब्रुवारी २०१७, २३ एप्रिल २०१९, १४ फेब्रुवारी २०२२ आणि ७ मे २०२४ रोजी. चारही तारखा काजूच्या मोसमातल्या. घोषणेपासून निकालापर्यंतचे दिवस मोजले तर अनुक्रमे ६६, ७४, ६१ आणि ८०, एकूण २८१. या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि पिकासाठीच्या बंदुकाही त्यात जातात.

उत्तर गोव्यातल्या अशाच आदेशावरून २००९ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले. सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करून घेणे योग्य नाही, छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावा, हे तत्त्व त्यातून पुढे आले. ज्याच्यावर गुन्हा नाही, ज्याची बाग रानाला लागून आहे, अशा शेतकऱ्याने समितीकडे वेळेत अर्ज करणे हा हक्क आहे. नव्या रायफलीच्या परवान्यासाठी वर्षे घालवण्यापेक्षा हा अर्ज स्वस्त पडतो, आणि त्यातून बंदूक हवी त्या महिन्यांत हाताशी राहते.

कुठला आकडा आधी विचारायचा

हत्यारांच्या तुलनेत .४४ मॅग्नम .३५७ ला जोरात हरवते, .३५७ कमी दणक्यात .४४ ला हरवते, आणि वीस मीटरच्या आत बाराबोर दोन्हींना गाठते. हे सगळे खरे आहे. पण पेडणे-डिचोलीच्या शेतकऱ्याने प्रश्नांचा क्रम बदलायला हवा. पहिला प्रश्न, गोळी चुकली तर कुठे थांबेल? मागे मातीचा बांध आहे की जांभा, की आकाश? दुसरा, समोरचे जनावर कुठल्या अनुसूचीत आहे आणि हातात लेखी परवानगी आहे का? तिसरा, काडतूस जवळच्या दुकानात मिळते का? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर चौथा, नळीच्या तोंडाशी जूल किती?

या क्रमाने गेलो तर इथल्या शेतासाठी लिव्हर रायफल पहिल्याच प्रश्नावर मागे पडते, तिचे यंत्र कितीही सुबक असो. छर्ऱ्याची गुळगुळीत नळी, चार मीटरचा माळा आणि मागे मातीचा बांध, एवढी जुळणी वीस मीटरच्या आतल्या बहुतेक कामाला पुरते. ज्या डुकराला ती पुरत नाही त्याच्यासाठी रायफल लागेलही. पण ती वन खात्याने नेमलेल्या, नेम आणि जागा दोन्ही ठाऊक असलेल्या माणसाच्या हाती असावी, आणि त्या दिवशी आसपासच्या वाड्यांना आधी सांगितलेले असावे.